आवाज एकाचा, तोंड दुसऱ्याचं: नाचाच्या गाण्यांचे व्हिडिओ आणि आपली हलगी

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. मी डॉल्बीवाला. सीझनला मंडळांची कामं घेतो, उरलेल्या दिवसांत घरी बसून मिक्स बनवतो आणि त्यांचे व्हिडिओही मीच कापतो. इलेक्ट्रॉनिक संगीताचं वेड कॉलेजपासूनचं.

गेल्या वर्षी एका मंडळानं सांगितलं, एन्ट्रीला हलगी पाहिजे, पण बेसवर. तयार लूप, म्हणजे परत परत फिरवायचे छोटे तुकडे, नेटवर ढिगानं मिळतात, पण ती हलगी कुठल्याच गावची वाटत नाही. म्हणून वाळवा तालुक्यातल्या एका गावात गेलो. तिथले एक आबा, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी आधी उसाच्या पाचटाचा जाळ केला, हलगी त्यावर शेकली, बोटानं टिचकी मारून ऐकली, परत शेकली. मी माइक लावून तयार. ते म्हणाले, "हां बाळा, धर." आणि सुरू केलं. डाव्या हातातली बारीक काडी सारखी थरथरत होती. उजव्या हातातलं टिपरू मात्र दर चौथ्या ठोक्याला जरा मागं राहायचं, आता पडेल म्हणता म्हणता उशिरा पडायचं. सगळा जीव त्या उशिरात होता.

घरी येऊन त्यातले चार सेकंद कापले. सुरुवातीचं "हां बाळा, धर" काढलं, मागं कोंबडी ओरडत होती ती काढली. उशिराचा ठोका ग्रिडवर, म्हणजे संगणकातल्या समान अंतराच्या रेघांवर, ओढला नाही, कारण तो सरळ केला की चालच मरते.

मग व्हिडिओ. आयर्विन पुलावरून ड्रोन, खाली भरलेली कृष्णा, जिममधली चार पोरं, बाहेरून आणलेल्या दोन नाचणाऱ्या मुली. हलगी एका गोऱ्यागोमट्या पोराच्या हातात दिली. ती धरायची कशी हेही त्याला ठाऊक नव्हतं. व्हिडिओ चालला. आठ-दहा दिवसांनी आबांच्या नातवाचा मेसेज आला: "दादा, आबा कुठं हायत ह्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. पण डोक्यात एक दार उघडलं. ज्या परदेशी व्हिडिओंवर मी वाढलो, ते परत बघायला बसलो. गाणं कोण गातंय आणि पडद्यावर कोण दिसतंय, एवढं एकच ध्यानात ठेवून.

ब्लॅक बॉक्स या इटालियन ग्रुपचं 'राइड ऑन टाइम' १९८९ चं. व्हिडिओत काळी सावळी, सडपातळ मॉडेल ओठ हलवते. आवाज तिचा नाही. तो लोलिएटा हॉलोवे या शिकागोच्या गायिकेचा, तिच्या १९८० च्या 'लव्ह सेन्सेशन'मधून उचललेला. पुढच्याच वर्षी सी अँड सी म्युझिक फॅक्टरीचं 'गोना मेक यू स्वेट' आलं. 'एव्हरीबडी डान्स नाऊ' अशी जी आरोळी आपण लग्नाच्या वरातीतही ऐकलीय, ती मार्था वॉशची. व्हिडिओत ती कुठंच नाही. तिथंही दुसरी सडपातळ मुलगी ओठ हलवते. मार्था वॉश अंगानं भरलेली. दोन्ही ठिकाणी दिसणारी आणि गाणारी दोघीही कृष्णवर्णीय, म्हणून हे चटकन लक्षात येत नाही. काळा आवाज हवा, काळं शरीरही हवं, पण ते कुठलं चालेल याची निवड भलत्याच कुणीतरी करायची. मार्था वॉश कोर्टात गेली, तडजोड झाली, आणि गाणाऱ्याचं नाव लिहायची सक्ती पुढं अमेरिकेत रुळली त्यात तिच्या भांडणाचा मोठा वाटा आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त लागलं. मोबी या गोऱ्या अमेरिकी संगीतकाराचं 'नॅचरल ब्लूज', १९९९ च्या 'प्ले' अल्बममधलं. त्यातला बाईचा आवाज व्हेरा हॉलचा. अलाबामातली कृष्णवर्णीय बाई, लोकगीतं गोळा करणाऱ्या लोमॅक्स मंडळींनी तिला रेकॉर्ड करून ठेवलं होतं. १९६४ साली ती गेली. मोबीनं हे लपवलेलं नाही, तो उघड सांगतो. पण व्हिडिओ बघा: वृद्धाश्रम, चाकाच्या खुर्चीत म्हाताऱ्याच्या मेकअपमधला मोबी, त्याला न्यायला आलेली गोरी देवदूत. व्हिडिओ सुंदर आहे, अजूनही डोळ्यांत पाणी येतं. फक्त जिच्या दुःखाचा तो आवाज आहे, तिचं त्यात काहीच नाही.

रेकॉर्ड झाला की आवाज माणसापासून सुटतो. आमचं काम तर त्या सुटण्यावरच चालतं: घ्यायचा, कापायचा, फिरवायचा. व्हिडिओ करताना त्या सुटलेल्या आवाजाला परत एक शरीर द्यावं लागतं. कुणाचं द्यायचं हे जो ठरवतो, त्याच्या मनातलं तिथं उघडं पडतं. माझ्या मनातलं पडलं.

तुम्ही असे कुठले व्हिडिओ पाहिलेत? सविस्तर लिहा.

हळदगल्ली (सांगली)

दादा, तुमचं काम मी ऐकलंय, चांगलं असतं. पण मनापासून सांगतो, नाचायच्या गाण्यात वर्ण आणि जात कशाला आणायची? डॉल्बीपुढं पाचशे पोरं नाचतात तेव्हा शेजारच्याचं आडनाव कुणी विचारत नाही. ते चार तास तरी तसेच राहू द्यावेत. आबांना पैसे दिले असतील तर विषय मिटला.

कृष्णाकाठ (सांगली)

पैसे दिले होते, त्यांनी मागितले त्याहून जास्तच. नातवानं पैशाचं विचारलंच नव्हतं.

चारभिंती (सातारा)

हळदगल्ली, नाचताना आडनाव विचारत नाहीत हे तुमचं म्हणणं मला मोलाचं वाटतं, कारण हे संगीत त्याच गरजेतून जन्मलं. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून थोडं मागं जातो.

१२ जुलै १९७९, शिकागोचं कोमिस्की पार्क मैदान. बेसबॉलचे लागोपाठ दोन सामने. एका रेडिओ निवेदकानं आवाहन केलेलं: फोडायला डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात रेकॉर्डींचा ढीग मैदानात स्फोटानं उडवला. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या दिवशी प्रेक्षकांना जागा दाखवायच्या कामावर विन्स लॉरेन्स नावाचा कृष्णवर्णीय पोरगा होता. त्यानं पुढं सांगितलंय की लोकांनी आणलेल्या कितीतरी रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच, काळ्या कलाकारांच्या होत्या एवढंच. हाच पोरगा जेसी सॉन्डर्सबरोबर १९८४ मध्ये 'ऑन अँड ऑन' करतो, आणि ती हाऊसच्या, म्हणजे डिस्कोनंतर यंत्रांवर घडलेल्या नाचाच्या संगीताच्या, अगदी पहिल्या रेकॉर्डींपैकी एक मानली जाते.

हाऊस हे नावही शिकागोच्या 'वेअरहाऊस' क्लबवरून आलं. तिथं फ्रँकी नकल्स वाजवायचा. येणारे बहुतेक काळे आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे, त्यात समलिंगी पुष्कळ. बाहेर ज्यांना कुणी उभं करत नव्हतं ते तिथं सकाळपर्यंत नाचायचे. टेक्नो या त्याच्या यांत्रिक भावंडाची गोष्ट डेट्रॉइटची: हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डर्सन. बेलव्हिल गावातले तीन कृष्णवर्णीय शाळूसोबती. कृष्णाकाठ, तुमच्या डॉल्बीतून छातीत बसतो तो 'धुम्म' ज्या यंत्रापासून निघाला ते रोलंड कंपनीचं ठोके वाजवणारं टीआर-८०८, बाजारात आलं १९८० ला आणि १९८३ ला बंदही झालं. खपलं नाही म्हणून जुन्या बाजारात स्वस्तात मिळायचं, आणि ते या पोरांच्या हाती लागलं.

आता युरोपातल्या कुठल्याही बड्या महोत्सवाचा व्हिडिओ लावा आणि स्टेजवरचे चेहरे मोजा. मी वर्गात मुलांना मोजायला लावले होते. आकडा सांगत नाही, तुम्हीच मोजा.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तालुका खटाव. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि अर्पण केलं कुणाला, तर निग्रो गुलामांची सुटका करायला झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. रेल्वेही धड सगळीकडं पोचली नव्हती तेव्हा खटावच्या मातीतला माणूस तिकडचं दुःख आपल्याशी जोडत होता. म्हणून 'नाचायच्या गाण्यात हे कशाला' असं मला म्हणवत नाही.

कंदी पेढा (सातारा)

मस्त धागा. मला 'लीन ऑन' आठवलं, मेजर लेझर आणि डीजे स्नेक, २०१५. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला दरवर्षी असतंच. चित्रीकरण आपल्या भारतातलं. महाल आपला, दागिने आपले, नाच आपला, आणि मधोमध डेन्मार्कची गायिका मो. आपल्या मुली मागं रांगेत. मी स्वतः त्यावर स्टेजवर नाचलेय, पहिल्या रांगेत, आणि ती रांग मागची आहे हे त्या वेळी मनातही आलं नव्हतं. आवडतं अजूनही. पण परवा धागा वाचून परत लावलं तर सगळा वेळ मागच्याच मुलींकडं बघत बसले. त्यातली एक जण ताल चुकून हसते असं मला वाटलं, तीन वेळा मागं नेऊन पाहिलं.

जवारी (मिरज)

आमचं घर सतारमेकरांचं. मिरजेत हे काम करणारी घराणी मुळात शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. तलवारी गेल्या आणि ते हात तारांकडं वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात 'आवाज एकाचा, तोंड दुसऱ्याचं' हे आम्हाला नवीन नाही. मैफलीत तानपुरा दिसतो, त्याची जवारी लावणारा, म्हणजे घोडी घासून तारेला नाद आणणारा, दिसत नाही. मला त्याचा खेद नाही. म्हणून दोन शब्द वेगळे लिहितो.

दिसणं म्हणजेच मान, असं धरून चालू नका. डेट्रॉइटमध्येच अंडरग्राउंड रेझिस्टन्स नावाचा गट होता, 'मॅड' माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी उभा केलेला. ते तोंडाला फडकं बांधून फोटो काढायचे. रेकॉर्ड कंपन्यांना काळा चेहरा विकायला हवा असतो, तो आम्ही देणारच नाही, असा त्यांचा पवित्रा. त्याच शहरातले ड्रेक्सिया बघा. दोघंच जण, अनेक वर्षं फोटो नाही, मुलाखत नाही. त्यांनी एक कथा रचली, १९९७ च्या रेकॉर्डसोबत ती छापलीही आहे: गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकून दिलेल्या गरोदर आफ्रिकी बायकांची मुलं पोटातल्या पाण्यातून थेट समुद्राच्या पाण्यात आली, तिथंच श्वास घ्यायला शिकली आणि समुद्रतळाशी त्यांनी आपलं राष्ट्र वसवलं. सगळं संगीत त्या राष्ट्राचं. चेहरा एकही नाही, आणि वंशाबद्दल इतकं खोल मी दुसऱ्या कुठल्या व्हिडिओत पाहिलेलं नाही. ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दुकानात तुंब्यावर काम चाललं होतं. हात थांबला तो बराच वेळ थांबला.

अवांतर: आपल्या मुंबईचे चरणजित सिंग. सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. १९८२ मध्ये ते ८०८ आणि बेस वाजवणारं टीबी-३०३ या यंत्रांवर त्यांनी दहा राग डिस्को ठेक्यात बसवले. कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये रेकॉर्ड परत निघाली तेव्हा जग म्हणालं, अरे, हे तर शिकागोच्या ॲसिड हाऊसच्या, ३०३ च्या आवाजावरच उभ्या राहिलेल्या हाऊसच्या, आधीचं! शेवटची पाच वर्षं तरी त्यांच्या वाट्याला ते कौतुक आलं.

नाव द्यायचं तर कसं द्यावं, त्याचा नमुना म्हणून डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचं १९९७ चं 'टीचर्स' ऐका. गाणं म्हणजे ज्यांच्याकडून शिकलो त्यांची नावं एकामागून एक, बास. स्वतःचे चेहरे पुढं ज्यांनी हेल्मेटात झाकले त्यांनीच ही नावं उघडी ठेवली.

आमराई (मूळ सांगली, सध्या फ्रान्स)

जवारी, तुमच्या प्रतिसादानं मला लिहायला बसवलं. मी इथं पॅरिसजवळ तेरा वर्षं राहते. या धाग्यात 'स्ट्रेस' यायलाच हवा. जस्टिस या फ्रेंच जोडीचं गाणं, २००८ चा व्हिडिओ, दिग्दर्शक रोमँ गाव्रास.

उपनगरातली पोरं, बहुतेक काळी आणि अरब वंशाची, पाठीवर मोठा क्रॉस असलेली काळी जाकिटं घालून शहरात उतरतात. दिसेल त्याला मारतात, गाड्या फोडतात, बायकांना त्रास देतात. जवळजवळ सात मिनिटं हेच. गाण्यात एक कर्कश सूर सायरनसारखा अडकून राहतो, तो सुटतच नाही. शेवटी गाडी पेटवतात आणि चित्रीकरण करणाऱ्यांवरच धावून जातात. वंशवादाविरुद्ध काम करणाऱ्यांनी त्यावर कडक आक्षेप घेतले होते.

याच्या तीन वर्षं आधीचं माहीत असल्याशिवाय हा व्हिडिओ कळत नाही. २७ ऑक्टोबर २००५ ला क्लिशी-सू-ब्वा या उपनगरात पोलिस मागं लागले म्हणून पोरं विजेच्या उपकेंद्रात लपली. त्यात दोघं शॉक लागून गेली, एक १७ वर्षांचा, दुसरा १५. त्यानंतर तीन आठवडे उपनगरं पेटली होती. टीव्हीवर रोज जळत्या गाड्या आणि जाकिटातली पोरं. ती पोरं मेली कशी हे मात्र मागं पडत गेलं.

मी पहिल्यांदा हा व्हिडिओ पाहिला आणि संध्याकाळी लोकल ट्रेनमध्ये तशाच वयाचे चौघं चढले तेव्हा पर्स मांडीवर घट्ट धरली. मी स्वतः सावळी, इथं परकी, दुकानात माझ्यामागं रखवालदार फिरतो, तरी मी पर्स धरली. त्यातल्या एकानं उठून एका म्हातारीला जागा दिली. माझा हात पर्सवर का गेला, हे मी अजून स्वतःला नीट समजावू शकलेली नाही. व्हिडिओ म्हणतो, 'तुम्ही आम्हाला असंच बघता ना, मग घ्या बघून.' असं बरेच जण सांगतात आणि कॅमेऱ्यावर हल्ला होणं हा त्याचा पुरावा मानतात. मला ते अर्धंच पटतं. भीती दाखवून भीतीवर बोलायचं, तर बघणाऱ्याच्या हाताशी आधी भीतीच येते.

उलट २०१४ चा 'नेव्हर कॅच मी' बघा, फ्लाइंग लोटस आणि केंड्रिक लमार, दिग्दर्शक हिरो मुराई. चर्चमध्ये दोन काळ्या लेकरांचा अंत्यविधी. एक मुलगा, एक मुलगी. रडणाऱ्या माणसांमध्ये ती दोघं शवपेटीतून उठतात आणि नाचायला लागतात. कुणाला दिसत नाहीत. नाचत नाचत दारातून बाहेर उन्हात येतात आणि जी गाडी त्यांना न्यायला आली होती तीच चालवत निघून जातात. कुणी मारलं, का मारलं, एक शब्द नाही. त्या मुलीच्या पायांतला आनंद बघवत नाही, कारण आपल्याला ठाऊक असतं ती कुठून उठलीय.

गाव्रासवर अन्याय नको म्हणून सांगते, जेमी एक्सएक्स या ब्रिटिश संगीतकाराच्या 'गॉश'च्या २०१६ च्या व्हिडिओत तो फार पुढं गेला. चीनमध्ये पॅरिसची नक्कल म्हणून बांधलेलं शहर आहे, आयफेल टॉवरसकट. तिथं शेकडो चिनी मुलं रांगांमधून धावतात आणि मधोमध एक आफ्रिकी वंशाचा तरुण, पण अल्बिनो. रक्त काळं, कातडी गोरी, शहर पॅरिस, देश चीन. मला या पॅरिसमध्ये राहून जे कधी सांगता आलं नाही ते तिथं दिसलं.

हळदगल्ली (सांगली)

आमराई ताई, तुमचं वाचून मी 'स्ट्रेस' लावला. शेजारी पुतण्या बसला होता, नववीतला. संपल्यावर मी गप्प होतो. तो म्हणाला, "काका, जाकीट लय भारी, असलं आपल्या मंडळाला शिवूया." त्याला बाकी काही दिसलंच नाही.

मग मला आपल्याच मिरवणुकीचे व्हिडिओ आठवले. एका ठरावीक वस्तीतली पोरं नाचली की व्हिडिओखाली 'टपोरी', 'धिंगाणा' असं लिहितात. त्याच ठेक्यावर बंगल्यांच्या कॉलनीतली पोरं नाचली की 'जल्लोष'. मीही तसलं लिहिलंय, एकदा नव्हे. काल रात्री जाऊन दोन ठिकाणचं पुसलं.

माझं आधीचं म्हणणं मागं घेत नाही पूर्ण. नाचताना कुणी आडनाव विचारत नाही हे खरंच आहे. विचारतात ते नंतर, व्हिडिओ बघताना.

वारणेची लेक

बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहिते. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, वाटेगावपासून फार लांब नाही. आमच्या घरात तीन पिढ्या हलगी होती.

तुम्ही सगळे आबांच्या चेहऱ्याबद्दल बोलताय, त्यात तुमचं मन चांगलं आहे हे कळतं मला. पण आमच्या घरात हलगी आवड म्हणून आली नव्हती. ती जातीनं गळ्यात बांधली होती. लग्न कुणाचंही असो, वाजवणारा मांडवाच्या बाहेर. पालखीपुढं हलगी पाहिजेच, पण पायरीच्या आत यायचं नाही. सगळ्या पंगती उठल्यावर पत्रावळ, तीही लांब, उकिरड्याच्या अंगाला. माझ्या वडिलांनी आम्ही बहिणी शाळेत जायला लागलो तेव्हा हलगी माळ्यावर टाकली. गावकीनं माणसं पाठवली, तरी उतरवली नाही. ते म्हणायचे, "हात चांगला हाय म्हणून न्हाईत बोलवत. जात ठावं हाय म्हणून बोलवत्यात." त्यांना कुणी व्हिडिओत हलगी देऊन उभं केलं असतं आणि खाली नाव लिहिलं असतं, तर त्यांना तो मान वाटला नसता.

आता दुसरं. माझा भाऊ १ ऑगस्टला, अण्णा भाऊंच्या जयंतीला, माळ्यावरची तीच हलगी काढून मिरवणुकीच्या पुढं वाजवतो. मागं डॉल्बी, पडद्यावर अण्णा भाऊ. त्या दिवशी त्याला कुणी बोलावलेलं नसतं, तो आपण होऊन येतो. वडील रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसतात. पहिल्या वर्षी घरातून बाहेर आले नव्हते. दुसऱ्या वर्षी दारात. आता खुर्ची.

हलगी तीच, चालही तीच. फरक कशाचा हे तुम्हाला सांगायला नको.

परदेशातलंच कशाला, २०२१ चं तमिळ 'एन्जॉय एन्जामी' आठवा. अरिवू या रॅपरनं त्यात चहाच्या मळ्यात राबलेल्या आपल्या आजीची, जमिनीत राबून भूमिहीन राहिलेल्यांची गोष्ट आणली. व्हिडिओत तो स्वतः आहे, रानात, आपल्या माणसांत. पुढं डीजे स्नेकनं त्याचं रिमिक्स केलं, गाण्याचा जगभर गाजावाजा झाला, आणि एका बड्या मासिकाच्या मुखपृष्ठावर गाण्यातली सहगायिका होती, अरिवू नव्हता. सिनेदिग्दर्शक पा. रंजित यांनी तेव्हा जाहीर बोलून दाखवलं होतं. कृष्णाकाठ दादांनी सांगितलेल्या मार्था वॉशच्या गोष्टीला तीसहून जास्त वर्षं झाली, मला तर ती कालची वाटते.

दादा, तुम्ही इथं आम्हाला विचारताय. आबांना विचारलंत का?

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, विचारलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद वाचला आणि नऊ-दहा दिवस इथं काही लिहिलं नाही. रविवारी गेलो होतो.

लॅपटॉप घेऊन गेलो, त्यांना व्हिडिओ दाखवला. पूर्ण पाहिला. ड्रोनवरून नदी दिसली तेव्हा "पाणी लय चढलंया" म्हणाले. त्या पोराच्या हातात हलगी आली तेव्हा काहीच बोलले नाहीत. मी म्हणालो, आबा, माझी चूक झाली, नवीन कट करतोय, त्यात तुम्ही पाहिजे. ते म्हणाले, "माझं थोबाड कशाला घालतोस." मी वारणेच्या ताईंचं म्हणणं सांगितलं. त्यावर नुसती मान हलवली, होकाराची.

नातवानं चहा आणला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "नाव घालायचंच आसलं तर थोरल्याचं घाल. चाल त्येची हाय. म्या नुसती धरून ठिवलीया."

थोरले भाऊ जाऊन पंचवीस वर्षं झाली. तरुणपणी गुऱ्हाळावर कामाला होते. चरकात उजव्या हाताची दोन बोटं गेली. पुढं टिपरू धरताना पकड बसायची नाही, दर चौथ्या ठोक्याला ते हातात फिरायचं आणि पुन्हा सावरून मारेपर्यंत ठोका मागं राहायचा. आबांची दहाही बोटं शाबूत आहेत. भावाशेजारी उभं राहून वाजवायचं तर त्याच्यासारखंच मागं राहायला शिकावं लागलं. नंतर त्यांना सरळ वाजवताच येईना.

मी हेडफोन काढून त्यांना तो लूप ऐकवला, एकटा, बेस न लावता. त्यांनी चार-पाच वेळा ऐकला. आपल्याच मांडीवर दोन बोटं दुमडून ताल धरत होते.

भावाचा फोटो घरात नाही. नातवानं पत्र्याच्या पेटीतून मतदान ओळखपत्राची झेरॉक्स काढली, तिच्यात चेहऱ्याच्या जागी काळा डाग उरलाय. आबा म्हणाले, ते नको. हलगी खुंटीवर होती, भावाचीच. कडं एका बाजूनं झिजलेलं. तिचं घे म्हणाले.

नवीन कट असा आहे: पत्र्याच्या घरातली खुंटी, तिच्यावर हलगी, खाली थोरल्यांचं नाव आणि गाव. मग जाळ, त्यावर हलगी शेकणारे आबांचे हात. हातांना त्यांनी परवानगी दिलीय, तोंडाला नाही. मग "हां बाळा, धर", मागं कोंबडी, आणि मग बेस. त्या गोऱ्या पोराला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला शिकायला न्याल का? आबांना विचारून सांगतो म्हणालोय.

मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, सुरुवात आठ सेकंदांनी लांबली, एन्ट्रीचा दणका जातो. त्यांना सांगितलंय, पाहिजे तर पुढचं ड्रोनचं कापू.